मागचा आंबा ठेवा, पुढच्या गुलमोहराकडे बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीत तुमचं बैठं घर. मागच्या भिंतीपासून ११ फुटांवर सासऱ्यांनी कोय रुजवून वाढवलेला आंबा, वय ३५च्या आसपास, छातीच्या उंचीला खोडाचा घेर ५ फूट. पुढे फाटकाशी जवळजवळ त्याच वयाचा गुलमोहर. स्वयंपाकघराच्या भिंतीला तिरकी भेग गेली आहे, मागची ड्रेनेज लाइन दर पावसाळ्यात तुंबते, पत्र्याच्या पन्हळीत पाला साचतो. त्यामुळे तुमच्या यजमानांचं म्हणणं, आंबा काढून टाकू. सासूबाई म्हणतात, मी आहे तोवर त्याला कुऱ्हाड लागणार नाही. गुलमोहराबद्दल घरात कुणाचीच तक्रार नाही. फक्त शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहिलं आहे की दोन पावसाळे त्याच्या बुंध्याशी 'तपकिरी, लाकडासारखी कडक, वरून चकचकीत, कडेला पांढरी अळंबी' येते आणि तीन वर्षांपूर्वी फाटकासमोर पेव्हर ब्लॉक बसवताना त्याची काही मुळं तोडावी लागली होती.

झाडं तपासणं, छाटणं आणि नाइलाज असेल तिथं उतरवणं हे काम मी २६ वर्षं करतो आहे. तुमची ती शेवटची ओळ वाचून मी थांबलो. न बघता पक्का निकाल देणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत उलटं आहे: आंबा ठेवा आणि गुलमोहर काढायच्या तयारीला लागा. असं का, आणि माझं म्हणणं तुम्ही घरच्या घरी कसं पडताळून पाहायचं, ते सांगतो.

आधी भिंतीची भेग, कारण सगळा राग तिथूनच सुरू झालेला आहे.

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात कृष्णाकाठची काळी माती. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात आक्रसणारी. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. ज्या घराचा पाया मुरुमापर्यंत नेलेला नाही, ते घर या मातीबरोबर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. आवारात एकही झाड नसलेल्या घरांच्या भिंतींनाही तिकडे तिरक्या भेगा असतात. तुमच्या गल्लीत चार घरं फिरून बघा.

झाड यात भर घालू शकतं, हे मी नाकारत नाही. मोठा आंबा उन्हाळ्यात पायाजवळची ओल ओढतो आणि त्याच्याकडचा कोपरा इतर घरापेक्षा जरा जास्त बसतो. पण तसं असेल तर भेगेला एक चाल असते. ती झाडाकडच्या कोपऱ्यातच असते, एप्रिल-मेमध्ये रुंदावते आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत मिटत येते. जी भेग पावसाळ्यात वाढते किंवा बारा महिने हळूहळू वाढतच राहते, तिच्यामागे बहुतेक वेळा पाणी असतं. न्हाणीघराचा फुटका पाइप, जोत्याशी मुरणारं पागोळ्यांचं पाणी, नाहीतर तुंबलेली ड्रेनेज लाइन.

हे ओळखायला खर्च नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मग प्रयोगशाळेत वापरतात तसली पातळ काचपट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन टोकं अ‍ॅरल्डाइटनं चिकटवा. भिंत हलली की काच तडकते. ती कुठल्या महिन्यात तडकली हे लिहून ठेवा, नवी लावा. वर्षभर एवढं केलंत तर भिंत स्वतःच कारण सांगते. मात्र भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, किंवा दार-खिडकी अडायला लागली असेल, तर वर्षभर थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी बोलवा.

इथं माझी एक चूक सांगतो, कारण तिनं मला हे शिकवलं. २००३ सालच्या सुमाराला मिरजेतल्या एका घरी भेगेसाठी म्हणून मी ४० वर्षांचा कडुनिंब उतरवला. घरमालकांची खात्री होती, आणि मीही भेग बघितली, झाड बघितलं आणि दोर बांधला. न्हाणीचं पाणी कुठं जातं हे विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात भेग बोटभर वाढली. मग खणून बघितलं तर न्हाणीचा पाइप जोत्याखालीच निखळलेला, आणि तिथली माती चिखल झालेली. शिवाय कडुनिंब गेल्यानं जी ओल तो वर्षानुवर्षं ओढत होता ती आता जमिनीतच राहू लागली होती, त्यामुळे त्या बाजूची माती फुगून जोतं उचललं जात होतं. काळ्या मातीत मोठं झाड एकदम काढल्यावर असंही होतं, हे मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. ते झाड गेलं ते गेलंच. त्या अंगणातली सावली गेलेली बघायला मी पुन्हा त्या घरी गेलो नाही, एवढंच सांगतो.

आता ड्रेनेज. मुळं चांगल्या पाइपाला भोक पाडत नाहीत. पाइपाचा सांधा आधी सुटलेला असतो, त्यातून ओल झिरपते, आणि त्या ओलीच्या मागानं केसासारखं बारीक मूळ आत शिरून तिथं जाळं करतं. तुमची लाइन घराइतकीच जुनी असेल तर ती चिनी मातीच्या पाइपांची, सिमेंटच्या सांध्यांची असणार. आंबा काढलात तरी सांधा सुटलेलाच राहणार. त्या टप्प्यातले पाइप बदलून रबरी रिंगचे पीव्हीसी टाका. चर खोदताना मात्र एक हिशेब पाळा.

खोडाचा घेर ५ फूट म्हणजे जाडी साधारण १९ इंच. जाडीच्या पाच पट, म्हणजे ८ फुटांच्या आत झाडाला उभं धरणारी जाड मुळं असतात. तिथं कुदळ चालवायची नाही. जाडीच्या बारा पट, म्हणजे १९ फुटांपर्यंत झाडाला पाणी-अन्न पुरवणारी मुळं दाट असतात. तिथं शक्यतो फरशी, काँक्रीट, मातीचा भराव नको. तुमची भिंत ११ फुटांवर आहे, म्हणजे भिंतीलगतच्या ३ फुटांत काम करायला जागा आहे. नवी लाइन तिथूनच न्या. पुढे काचपट्ट्यांनी आंब्यालाच दोषी ठरवलं, तर त्याच चरात ४ फूट खोलीपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा उभा करून मुळं घराकडे येण्यापासून रोखता येतात. एकाच बाजूनं, ८ फुटांच्या बाहेर मुळं कापली तर निरोगी आंबा ते सोसतो. दोन बाजूंनी कापू नका. आणि फरशी नको म्हटलं त्याला एवढाच अपवाद: जोत्याला लागून अडीच-तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेला फरशीचा पट्टा करून घ्या. पायाशी पाणी मुरणं थांबलं की काळ्या मातीची निम्मी उचल-आपट तिथंच थांबते.

पन्हळीतल्या पाल्याबद्दल फार लिहीत नाही. जाळी बसवा आणि मेअखेरीस एकदा, गणपतीच्या आधी एकदा साफ करा. यासाठी झाड तोडायचं नसतं.

आता आंब्याची स्वतःची तब्येत. झाडाचा निकाल लोक शेंड्याकडे बघून लावतात. पानं हिरवी, मोहोर भरपूर, म्हणजे झाड उत्तम, असं समजतात. खरं तर खोडाच्या सालीखालचं बोटभर जाडीचं जिवंत लाकूड पाणी वर नेतं, तेवढं शाबूत असलं तर आतला गाभा पूर्ण कुजूनही वर पालवी हिरवीगार राहते. झाड पडणार का, हे कळतं बुंध्याशी आणि मुळांशी. म्हणून मी कुठल्याही झाडाशी गेलो की पहिली पंधरा मिनिटं मान वर करत नाही.

तुम्हीही तसंच करा. सकाळी, ऊन तिरपं असताना जा. बुंध्याभोवतीची माती हातानं बाजूला करा. खोड जमिनीत शिरताना घागऱ्यासारखं पसरलेलं दिसलं पाहिजे. विजेच्या खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर कधीतरी भराव टाकून बुंधा पुरला गेला आहे, तो मोकळा करायला हवा. मग लाकडी हातोड्यानं खोडावर फुटाफुटाच्या अंतरानं ठोका. भरीव लाकूड 'टक टक' बोलतं, पोकळ ठिकाणी 'बद बद' असा आवाज येतो. अंगठ्याएवढी भोकं आणि खाली भुसा दिसला तर ती खोडकिड्याची अळी, आपल्याकडे भिरूड म्हणतात. तारेनं अळी काढून भोक ओल्या मातीनं लिंपा. वाळलेल्या सालीवर वाळवीची माती दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा मेलेल्या सालीवरच असते. पानांत वेगळ्याच चकचकीत पानांचा झुपका दिसला तर ते बांडगूळ, ते फांदीच्या चिकटल्या जागेच्या फूटभर मागून कापायचं.

ढोली दिसली तरी लगेच निकाल नको. आमच्यात एक ढोबळ नियम आहे: पोकळीभोवती शाबूत लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या एक-तृतीयांश तरी असावी. तुमच्या आंब्याला म्हणजे तीन-सव्वातीन इंच. तेवढी असेल तर पोकळ खोडही वाऱ्याला टिकतं, जसा पाण्याचा लोखंडी पाइप टिकतो. पण ढोली एका बाजूनं उघडी असेल तर हा नियम धरू नका, तिथं जाणकाराला दाखवा.

झुकाव बघायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. झाड वर्षानुवर्षं तिरकं असेल आणि वरचा भाग वळून पुन्हा सरळ झालेला असेल, तर झाडानं स्वतःला सावरलेलं आहे. सरळ झाड गेल्या वर्षा-दोन वर्षांत तिरकं झालं असेल, आणि झुकावाच्या उलट बाजूची माती उचललेली किंवा चिरलेली दिसत असेल, तर मात्र त्या दिवशीच त्या बाजूची खोली रिकामी करा.

तुमचा आंबा कोयीपासून वाढलेला आहे, हीदेखील त्याच्या बाजूची गोष्ट. जागेवरच रुजलेल्या कोयीचं सोटमूळ खोल जातं. रोपवाटिकेच्या पिशवीत मुळं गुंडाळी होऊन बसलेल्या रोपाला ती पकड पुष्कळदा येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर मी श्रीवर्धन आणि दापोलीकडे वीसेक दिवस काम केलं. जांभ्याच्या पातळ मातीत उभे असलेले फणस मुळांच्या ताटासकट उलथून पडलेले, खाली उघडा दगड. सुपारीच्या बागा तर गवत चेंगरावं तशा आडव्या झालेल्या. पण मी पाहिलेले जुने रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेले, आंबे, फांद्या मोडून बोडके झाले तरी, बरेचसे उभे होते. त्यांची मुळं जांभ्याच्या फटींत खोल शिरलेली होती. जात, माती आणि मूळ हे तिन्ही एकत्र बघावं लागतं, ते असं.

तर आंब्याला काय करायचं? घरावर आलेल्या फांद्या मागे घ्यायच्या. शेंडा मारायचा नाही. 'वरून अर्धं कापून टाका' असं सांगणारा माणूस आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. शेंडा छाटलेल्या जागेतून झुपक्यानं धुमारे येतात, ते भराभर वाढतात आणि त्यांची पकड वरवरची असते. पाच वर्षांत झाड पहिल्याइतकंच उंच होतं आणि आधीपेक्षा धोकादायक. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त पालवी काढायची नाही. जाड फांदी तीन कापांत उतरवायची: आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल सोलत खाली येत नाही. उरलेलं खुंट शेवटी खोडाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या बाहेरून. तो कडा शाबूत ठेवला तर झाड स्वतःच जखम भरून काढतं. आंब्याला काप फळं उतरल्यावर लगेच, पावसाची उघडीप साधून. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावायची, मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर हे प्रमाण. मोठ्या जखमेवर पेस्ट जादू करत नाही, पण सांगलीच्या दमट पावसात लावलेली बरी असं माझं मत आहे. बरोबर कापलेल्या जखमेला मात्र पेस्टपेक्षा तो फुगीर कडाच जास्त वाचवतो.

आता गुलमोहर.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वाढतो भराभर, सावली छत्रीसारखी, फुलांचं तर मी काय सांगू. पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरणारी. त्याच्या जातीबद्दल माझा आकस नाही. मोकळ्या मैदानात तो पडला तर कुणाचं काही जात नाही. तुमच्याकडे तो फाटकाशी आहे. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला तुमची मोटार, आणि तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी शिकवणीला येणारी मुलं सायकली त्याच्याखाली लावतात. झाड किती वाईट आहे याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न: पडलं तर कशावर पडेल, आणि तिथं माणसं किती वेळ असतात. आंब्याखाली बरोबर मागचं मोकळं अंगण आहे. गुलमोहराखाली रोज संध्याकाळी दीड तास मुलं आहेत.

आता त्याचा इतिहास जोडून बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पाणीपातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. तुमच्या आवारात दोन्ही वेळा कित्येक दिवस पाणी होतं, असं तुम्ही लिहिलंय. मुळांना हवा लागते. पाण्याखाली कोंडलेली मुळं गुदमरून मरतात, आणि मेलेल्या मुळांतून बुरशी शिरते. हे नुकसान त्याच वर्षी दिसत नाही, दोन-चार वर्षांनी दिसतं. त्यावर तीन वर्षांपूर्वी पेव्हरसाठी एका बाजूची मुळं तोडली गेली. बुंध्याला लागून ब्लॉक बसले, म्हणजे पाणी-हवा दोन्ही बंद. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते याच कारणासाठी. आणि आता दोन पावसाळे कडक, तपकिरी, वरून चकचकीत, कडेला पांढरी अळंबी बुंध्याशी येते आहे. तुम्ही केलेलं वर्णन गॅनोडर्मा या बुरशीचं आहे. अळंबी म्हणजे तिचं फळ. फळ बाहेर दिसतं तेव्हा ती बुरशी आतलं लाकूड आणि मुळं कितीतरी आधीपासून खात असते. अळंबी खरवडून, वर औषध ओतून ती जात नाही. असं औषध विकणाऱ्यांवर पैसे घालवू नका.

हे पडताळायचं कसं? अळंबी आली त्या बाजूचे दोन-चार ब्लॉक काढा. आतली माती हातानं उकरा, मुळं उघडी करा. एक बारीक लोखंडी सळई घ्या आणि मुळाच्या खालच्या बाजूनं हळूच दाबा. निरोगी मुळात सळई सालीपुरती जाते आणि अडते. पुण्यात एका सोसायटीत मी असंच बसलो होतो, गुलमोहरच होता, वर फुलं होती. सळई नऊ इंच आत गेली, जशी ओल्या पुठ्ठ्यात जावी. बाहेर ओढली तर टोकाला पांढरट, तंतू-तंतू झालेलं लाकूड चिकटलेलं, वास तळघरातल्या ओलीसारखा. मी लेखी दिलं, हे लवकर उतरवा. बैठका झाल्या, फुलं संपेपर्यंत थांबू असं ठरलं. जुलैत तीन दिवस संततधार लागली आणि चौथ्या पहाटे, पान हलत नसताना, ते झाड बुंध्यातून आडवं झालं. खाली दोन गाड्या होत्या, माणूस नव्हता. उघड्या पडलेल्या बुंध्यात एका बाजूचं एकही मूळ शिल्लक नव्हतं. शेंड्यावर मात्र शेंगा आणि हिरवी पानं.

म्हणून ताई, सळई अशी आत गेली तर पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका. नाही गेली, दोन-तीन ठिकाणी दाबूनही अडली, तर मला चूक ठरवल्याचा मलाच आनंद होईल. मग ब्लॉक काढून चार फुटांचं आळं मोकळं करा, रस्त्याकडच्या लांब फांद्या हलक्या करून घ्या आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. पुण्या-मुंबईत आता लाकडात बारीक सुई फिरवून किंवा ध्वनिलहरींनी आतली पोकळी मोजणारी यंत्रं घेऊन येणारी माणसं मिळतात. शंका राहिली तर तेवढा खर्च करण्याजोगं हे झाड आहे.

काढायचं ठरलं तर परवानगीशिवाय हात लावू नका. झाड तुमच्या आवारात, तुम्ही लावलेलं असलं तरी. शहरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, आणि त्यात 'तोडणे' या शब्दात जाळणं, इजा करणं हेही येतं. म्हणजे बुंध्याशी अ‍ॅसिड ओतणं, साल सोलणं हाही गुन्हाच. महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, सोबत बुंध्याचे, अळंबीचे, सळई आत गेलेल्याचे, खालच्या रस्त्याचे फोटो जोडा. ते पाहणीला येतात, झाडावर सूचना लावली जाते, हरकती घेतल्या जातात. म्हणून मे महिन्यात धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच अर्ज करा. माणसाच्या जिवाला धोका आहे हे अर्जात ठळक लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जितक्या वर्षांचं झाड तितकी नवी झाडं लावायची आहेत. म्हणजे तुमच्या गुलमोहरापोटी ३५च्या आसपास. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता वारसा वृक्ष धरलं जातं, त्याला आणखी कडक नियम आहेत. ग्रामीण भागातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही परसातली झाडंही आहेत. गाव आहे म्हणून मोकळीक आहे असं समजू नका.

उतरवताना झाड बुंध्यातून कापून पाडायचं नाही. वरून तुकड्या-तुकड्यांनी, प्रत्येक तुकडा दोरावर घेऊन खाली सोडायचा. बुंधा कुजलेला असेल तर त्या झाडावर माणूस चढवणंही चूक, तिथं क्रेनचा पाळणाच हवा. जो म्हणेल 'चढतो की साहेब, काही होत नाही', त्याला नाही म्हणा, त्याच्याही घरी माणसं आहेत. फाटकावरून विजेची तार जात असेल तर महावितरणकडून त्या दिवशीची लाइन बंद करून घ्या. आदल्या दिवशी घरटी बघा. अंडी-पिल्लं असतील आणि झाड आठवडाभर थांबण्याजोगं असेल, तर खालचा रस्ता बंद करून थांबा.

बुंधा आणि जाड मुळं जमतील तितकी खणून काढा, कारण ती बुरशी त्यातच वर्षानुवर्षं राहते. त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर नको, नारळ तर मुळीच नको, त्यालाही हीच बुरशी बुंध्यातून पोखरते. खड्ड्यापासून आठ-दहा फूट सरकून, कुंपण आणि भिंतीपासून अंतर ठेवून तामण लावा. आपल्या राज्याचं फूल आहे, उन्हाळ्यात जांभळ्या झुपक्यांनी भरतं, आटोपशीर राहतं, आणि मुळात ओढ्याकाठचं झाड असल्यानं पाण्यात उभं राहायची त्याला सवय आहे. तुमच्या आवारात पूर येतो, म्हणून तेच सुचवतो. पूर न येणाऱ्या जागी मी बहावा किंवा बकुळ सांगितला असता.

सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, आंब्याबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांना बरोबर घेऊनच तो बुंधा मोकळा करा. कोय कुठल्या वर्षी रुजवली, भराव कधी टाकला, न्हाणीचं पाणी आधी कुठं जायचं, हे त्यांनाच ठाऊक असेल आणि मला लागणारी निम्मी माहिती तीच आहे.

आणि सळईचं काम या रविवारीच करा. तोवर मोटार आतल्या बाजूला घ्या, आणि मुलांना सायकली आजपासूनच कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला लावायला सांगा.